कबड्डीच्या मैदानातली कोपऱ्याची जागा

लातूर जिल्हा झाला आणि आमच्या नांदेडकरांच्या पोटात दुखायला लागलं. कुणी कबूल करत नव्हतं. मी करतो. काल-परवापर्यंत तालुका असलेल्या गावाला कलेक्टर मिळाला, आणि त्या दुष्काळी उन्हाळ्यात कबड्डीचे सामनेही तिथंच. आमचा संघ खेळायला निघाला, त्याच्यामागं एसटीनं आम्ही.

मैदानावर टँकरनं पाणी मारणं चालू होतं. शेजारच्या गल्लीत बाया घागरी मांडून टँकरचीच वाट पाहत बसलेल्या. असल्या उधळपट्टीवर मी आणि लातूरच्या एका मित्रानं मिळून पत्रक काढून चौकात वाटलं होतं, वाक्यागणिक उद्गारचिन्ह. तोच मित्र आता छातीवर स्वागत समितीचा बिल्ला लावून समोर उभा!

"काय नांदेडकर, मातीत बसता व्हय? नवा जिल्हा हाय, आम्ही सोफे टाकलेत."

"बस तू सोफ्यावर. पाणीबी गार भेटत असंल."

"हाव. वाळा घातलेलं!"

जीव जळाला. मला सोफा नको होता. त्याला मिळाला, हे सोसवत नव्हतं. मग ठरवलं, सामना दिसला पाहिजे तो त्याच्यापेक्षा मला.

अडाणी लोक मध्यरेषेपाशी गर्दी करतात. चढाईला आलेला गडी अडकतो तो मागच्या कोपऱ्यात. तिथं मी रुमाल टाकला. आमच्याकडं रुमाल टाकला की जागा आपली, एसटीत काय अन् मैदानात काय. सामना सुरू झाला तरी सोफ्यांसमोर पाहुण्यांचे हारतुरे संपेनात. मला उकळ्या फुटत होत्या.

मध्यंतराच्या आधी आमचा गडी माझ्या कोपऱ्यात घुसला, लातूरच्या दोघांना शिवला आणि सुटला. पंचानं दोन गुण दिले. "बाहेर गेला, बाहेर गेला!" लातूरकर ओरडले. पंच पलीकडच्या अंगाला होता. खेळ थांबला. मित्र धावत माझ्याकडं आला. त्याला हार घालणाऱ्यांच्या पाठीच दिसल्या होत्या.

"तू हितंच होतास. खरं सांग, बाहेर गेला का न्हाई?"

मी पाहिलं होतं. चुन्याच्या रेषेपल्याड ओल्या मातीत टाच उमटली होती. आमची पोरं डोळे वटारून बघत होती. खोटं बोलावं असं लई वाटलं. पण चौकात पत्रकं वाटत दुसऱ्यांना खोटारडे म्हणायचं आणि इथं गप बसायचं? मी उठलो, पंचाला हाताला धरून आणलं.

"ही बघा टाच."

गुण गेले. मित्रानं पाठीवर थाप मारली, "वाघ हायस!" आणि निघून गेला सोफ्यावर. चल, तूही बस, असं एका शब्दानं नाही.

वळून बघतो तर माझ्या जागेवर आमच्याच गावचे एक काका ऐसपैस मांडी घालून बसलेले, रुमाल खाली दाबून.

"काका, जागा माझी हाय."

"तुझी? जा की लातूरकरांकडं. सोफा देतील तुला."

बाकीची पोरं हसली. उरलेला सामना मी लोकांच्या पाठीमागून नुसता ऐकला. हारतुरे तोवर संपले होते. पाहुणे खाली बसले होते, आणि मित्राला आता सगळं मैदान स्वच्छ दिसत होतं.