नातवाची मधली पावलं

बोरी अरबला माझं इंटरनेटचं छोटंसं काम आहे. मुख्य लाइन एक, आणि तिच्यावर गावातली बरीच घरं. एका दुपारी मला चौथीत शिकवणाऱ्या बाई ऑफिसात आल्या. निवृत्त झाल्या, तरी आवाज अजून वर्गातलाच. मुलगी जर्मनीत असते, नातू वर्षाचा; भेट व्हिडिओ कॉलवरच.

“पोट्टं सोफ्याजवळ उभं होतं,” बाई म्हणाल्या, “मंग एकदम दाराजवळ बसलेलं दिसलं. मधातलं चालनं कुठी गेलं?”

तो पहिल्यांदाच चालला होता. मला फार अपराधी वाटलं.

लाइनच्या वापराचा दिवसभराचा आलेख पाहिला, तर लाइन निम्मी रिकामी. मग सेकंदासेकंदाचा काढला, तेव्हा उलगडा झाला. बाईंच्या मागच्या गल्लीत लग्नाचे फोटो काढणारा एक जण राहतो. तो बटन दाबायचा आणि आख्खं लग्न एका दमात पाठवायचा. तेवढ्या क्षणांपुरती लाइन तुडुंब भरायची आणि बाकीचे ताटकळायचे.

मी त्याचा वेग सरसकट कमी करून टाकला. दुसऱ्याच दिवशी तो हजर. सकाळपासून फोटो पाठवतोय, अजून हळदच उरकली नाही आणि नवरीकडचे सारखे फोन करताहेत, असं त्याने शांतपणे सांगितलं. मग म्हणाला, “ताई, लाइन रिकामी असल्यावर मले कायले अडवता?”

मी त्याला पूर्ण वेग परत दिला आणि एकच नियम लावला: कोणाचा व्हिडिओ कॉल चालू असेल तर आधी तो जाईल, लग्नाने तेवढा वेळ मागे थांबायचं.

खात्री करायला मी दुपारी बाईंच्या घरी जाऊन बसले. तिकडे फोटोवाल्यालाही लग्न पाठवायला सांगून ठेवलं होतं. कॉल लागला. नातू सतरंजीवर बसलेला, हलायला तयार नाही. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने मोबाइलवर आलेख उघडला. लाइन ठीक होती. तेवढ्यात मुलगी तिकडून म्हणाली की तो अडकला नाही, सकाळपासून रुसलाय.

“उभा राह्य,” बाई म्हणाल्या.

तो जागचा हलला नाही. मीच ताडकन उठून उभी राहिले. ते पाहून मुलगी इतकी हसली की पोरगाही हसायला लागला, आणि हसत हसत उठून चार पावलं चालला. चारही दिसली. बाईंनी त्याला आणखी तीनदा चालायला लावलं आणि मग मला बसायची परवानगी दिली.