ट्रॉलीतला दगड

परतवाड्याचे शेषराव दर आठवड्याला धारणीच्या बाजाराला भाजी न्यायचे. पुढे जुनी डिझेल जीप, मागे जोडलेली ट्रॉली आणि ट्रॉलीत वांग्यांच्या पोत्यांवर मोठा दगड घेऊन बसलेली त्यांची बायको माणिकबाई. घाटात जीप दमली की ती खाली उतरून चाकामागे दगड लावायची. ती परत चढली का, हे मागे वळून पाहूनच शेषराव गिअर टाकायचे.

माणिकबाई गेली, नंतर जीपही भंगारात गेली. मुलगा रोहित गॅसची पिकअप घ्यायची म्हणत होता.

"ट्रॉली घेऊन घाट चढंन का ते?" शेषरावांनी विचारलं.

"चढंन नं बाबा, थांबत थांबत. पण डिझेलपेक्षा लय स्वस्त पडते."

"थांबली तं दगड कोन लावंन?"

"मी लावीन नं मामाजी," सून वर्षाली म्हणाली. "सासूबाई लावत होत्या तसा."

शेषराव तिच्या पायांकडे पाहत राहिले. माणिकबाईच्या पायाची दोन बोटं त्याच दगडाखाली चिरडली होती. पुढच्या बाजाराला ती तरीही ट्रॉलीत होती.

"डिझेलचीच घे," ते म्हणाले.

नवी गाडी ट्रॉलीसकट कुठेही न थांबता घाट चढली. माथ्यावर पोचल्यावर रोहितशेजारी बसलेल्या शेषरावांनी तरीही एकदा मागे वळून पाहिलं.