नानासाहेब प्रस्तुत

औरंगाबादच्या उस्मानपुऱ्यात नानासाहेबाच्या ऑफिसच्या जिन्याखाली माझं टीव्ही-व्हीसीआर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यामुळे हा माणूस मी उभं आयुष्य रोज पाहिला आहे. लोक त्याला ‘फिल्मवाले नानासाहेब’ म्हणतात. तोंडावर मीही अहो-जाहो करतो, लिहिताना मात्र ते हातून होत नाही.

तो मूळचा देवगाव रंगारीचा. घरची बागायती होती. थोरला भाऊ शेतात राबायचा आणि हा कॉलेजच्या नावाखाली औरंगाबादेत पिक्चर बघायचा. पुढे त्याने व्हीसीआर भाड्याने द्यायचा धंदा काढला. लग्न असो, बारसं असो, जत्रा असो, टीव्ही आणि कॅसेटी जीपमध्ये टाकून हा हजर. इथवर कुणाची काही तक्रार नव्हती. पण या गड्याला एक खोड लागली. कॅसेटच्या सुरुवातीला ज्यांनी पिक्चर काढला त्यांची नावं यायची, ती पुसून हा तिथे स्वतःचा हात जोडलेला फोटो भरायचा. खाली ठसठशीत अक्षरं: ‘नानासाहेब प्रस्तुत’.

कन्नड तालुक्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांना वाटायचं, जगातले सगळे पिक्चर हाच काढतो. त्यांचं सोडा, हळूहळू ते यालाही खरं वाटू लागलं. माझ्या दुकानात बसून सांगायचा, “काल आपल्या पिक्चरला वैजापुरात लई गर्दी झाली.” आपल्या! ज्याच्यासाठी या बाबाने इकडची काडी तिकडे केली नाही.

कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या. सीड्याही गेल्या आणि मोबाईल आले. फोटो तेवढा तोच राहिला, काळ्याभोर केसांचा. दारावर ‘चित्रपट वितरक’ अशी पाटी लागली आणि इंटरनेटवर याचा स्वतःचा चॅनल सुरू झाला.

अशा माणसाच्या हाती रईसाने आपली फिल्म दिली.

रईसा खुलताबादची. लग्नांच्या शूटिंगचं एडिटिंग करून तिने पैसे साठवले आणि त्यातून ही फिल्म केली. गोष्ट अगदी साधी. मुलगा बकरी विकायला निघतो म्हणून एक म्हातारी त्या बकरीला घेऊन घरोघर लपत फिरते. म्हातारीचं काम रईसाच्या आईने, अनवरीबींनी केलं होतं. बोलणं सगळं खुलताबादच्या गल्लीतलं, दखनी उर्दू. रईसाने ती मला माझ्याच दुकानात दाखवली. मी पोट धरून हसलो आणि शेवटी नाक पुसत बसलो, हे सांगायला मला लाज नाही.

“पोरी, तुझी फिल्म घरोघर पोचवतो,” नानासाहेब म्हणाला. करार एका वर्षाचा होता आणि थिएटरात दाखवण्यापुरता होता. तेवढ्यात पुण्याच्या एका महोत्सवात फिल्मची निवड झाली. पोरगी पेढे घेऊन आली. चौथ्या दिवशी यानेच महोत्सवाला पत्र धाडलं, की कॉपीराइट माझा आहे, मला विचारल्याशिवाय दाखवाल तर याद राखा. महोत्सववाल्यांनी हात झटकले.

रईसा कोर्टात गेली. तिथे याने लिहून दिलं की मूळ कल्पना माझी, या मुलीला मी फक्त कॅमेरा चालवायला रोजाने ठेवलं होतं. निलाजरेपणालाही काही हद्द असते, पण ती उस्मानपुऱ्यात लागत नसावी. मी एकदा त्याला जिन्यातच अडवलं.

“नानासाहेब, फिल्ममधल्या बकरीचं नाव काय वो?”

“बकरीला कुठं नाव असतंय व्हय?” तो म्हणाला.

अख्ख्या फिल्मभर म्हातारी “शहजादी, शहजादी” करत हिंडते. या मालकाने फिल्म पाहिलेलीच नव्हती!

रईसाकडे पुरावे होते, पण कोर्टात तारखेवर तारीख पडत होती. तिला एवढंच हवं होतं, की फिल्म तिच्या नावाने आणि तिच्या आईच्या आवाजात लोकांपुढे यावी. याने मधल्या काळात आवाजही काढून घेतला. दखनी कोण बघणार, म्हणून भाड्याचे आवाज आणून सगळं बोलणं पुस्तकी मराठीत बदललं. अनवरीबी म्हणाल्या होत्या, “इसकू लेके मैं किदर जाऊं, तूच बोल.” त्यांच्या तोंडी आता आलं, “या शेळीस घेऊन मी कोठे जाऊ, तूच सांग बरे.”

शहरात पहिलाच खेळ लागला आणि लोक हसले ते रडायच्या जागी. तुकडे मोबाईलवर फिरले आणि गावभर टिंगल झाली. अनवरीबींनी तो तुकडा पाहिला आणि लेकीला विचारलं, “मुंह मेरा है, आवाज किसकी है ये?” मला त्या दिवशी वर जाऊन याची पाटी उखडावीशी वाटली.

हसू झालं तशी साहेबांची मालकी पातळ झाली. याने पत्रकारांना चहा पाजून सांगितलं, “ह्या पिक्चरशी माझा काडीचा संबंध नाय. कथा तिची, कॅमेरा तिचा, आई तिची, बकरी बी तिचीच. मी फक्त दाखवायला घेतला, ते बी एका वर्षापुरता. शिव्या द्यायच्या तर रईसाला द्या.”

एवढ्यावर थांबला असता तर नानासाहेब कसला! ते भाषण याने हौसेने स्वतःच्या चॅनलवर चढवलं. सुरुवातीला तोच हात जोडलेला फोटो, ‘नानासाहेब प्रस्तुत’.

रईसाचे वकील फारूखभाई यांनी तो व्हिडिओ कोर्टापुढे लावला. न्यायाधीशांनी विचारलं, “हे आपणच का?” आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामावर चिकटवलेला तो फोटो याला आता नाकारता येईना. मुकाट्याने तडजोडीवर सही केली. फिल्म रईसाची ठरली आणि ते भाड्याचे आवाज कायमचे बंद झाले. पुण्याचा महोत्सव मात्र केव्हाच होऊन गेला होता.

मग रईसाने फिल्म खुलताबादलाच एका मंगल कार्यालयात लावली. नानासाहेब इस्त्रीचे कपडे घालून पहिल्या रांगेत! शेजारच्याला सांगत होता, “ह्या पोरीला पुढं आणली ती आपणच.”

रईसाच्या कानावर ते गेलं असावं. माईक घेऊन ती त्याच्यापुढे उभी राहिली.

“साहेब, पत्रकारांपुढं बोललात ते एकदा इथं सांगा. ही फिल्म कुणाची?”

हा उठला, इकडेतिकडे पाहिलं आणि गोड हसून म्हणाला, “आपल्या रईसाची!”

टाळ्या वाजायच्या आत अनवरीबी मागून उठल्या. “आपल्या नक्को, साहेब. फिरसे बोलो.”

रईसाने माईक पुन्हा त्याच्यापुढे धरला.

“रईसाची,” तो म्हणाला.

सवयीने त्याने हात जोडले. पण तोवर दिवे मालवले होते, आणि पडद्यावर एकच नाव आलं होतं.