मामाने न ठोकलेली गाडी

माझा मामा डेंटर. ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा पुन्हा ठोकून सरळ करणं हे त्याचं काम. "लोक रस्त्यावर ठोकतात, मी गॅरेजात ठोकतो, फरक एवढाच," असं तो म्हणायचा. आयुष्यभर पत्र्यावर हातोडी मारून त्याला ऐकू कमी यायचं, म्हणून तो साधी गोष्टही समोरचा माणूस नदीपलीकडे उभा असल्यासारखी सांगायचा.

नव्या वस्तूंशी त्याचं हाडवैर होतं. मामी बिचारी जुन्या फ्रिजचं दार गुडघ्याने रेटून बंद करायची, आणि मामा अभिमानाने म्हणायचा, "बघ, अजून चालतोय!"

गाड्यांच्या बाबतीत तर विचारूच नका. आमची जुनी गाडी विकून मी आईसाठी नवी घेतली, तेव्हा मामाने बोटाच्या पेराने बॉनेटवर टकटक केलं आणि तोंड वाकडं केलं.

"हा पत्रा आहे? बिस्किटांचा डबा आहे हा! चिमे, जुनी का विकलीस गं? तिचं दार लावलं की तिजोरीसारखा आवाज यायचा."

चिमी म्हणजे माझी आई, मामाची धाकटी बहीण. पन्नाशीनंतर गाडी शिकली होती आणि आता कुणाला चालवायला देत नव्हती. ती म्हणाली, "दादा, तिजोरीत बसून भाजी आणायला जाऊ का?"

मग मामाने त्याची लाडकी गोष्ट काढली. गॅरेजात त्याचा एक भागीदार होता, गाड्यांना रंग द्यायचा. सगळे त्याला रंगारीच म्हणायचे. त्याची जुनी भारी गाडी एकदा पुलाच्या कठड्यावर आदळली. "कठडा तुटला! आणि गाडीला काय झालं? बंपर जरा वाकला, एक दिवा फुटला. मी दुपारपर्यंत सरळ करून दिली!"

रंगारी त्या धडकेत गेला होता. तेवढा भाग मामा घाईघाईने उरकायचा. "त्याचं आयुष्यच तेवढं होतं," म्हणायचा आणि पुन्हा बंपरवर यायचा. आम्ही ही गोष्ट कितीतरी वेळा ऐकली होती. कुणालाच तिच्यात काही खटकलं नव्हतं. मलाही नाही.

त्यानंतर एका सकाळी आई बाजारातून येत असताना समोरून येणाऱ्या टेम्पोचा ब्रेक लागला नाही. मला फोन आला, मी धावत पोचले, तिला दवाखान्यात नेलं. मनगटाला प्लास्टर घातलं, हनुवटीला दोन टाके पडले. बाकी ती ठणठणीत. गाडी उचलायला क्रेनवाला आला, त्याला मी मामाच्या गॅरेजचा पत्ता देऊन टाकला. आणि त्या गडबडीत मामाला कळवायचं साफ विसरले.

तिकडे काय झालं ते गॅरेजातल्या वेल्डरने मला नंतर सांगितलं. क्रेनने गाडी मागच्या बाजूने उचलून आणली. त्यामुळे मामाला आधी तिची पाठ दिसली, मागच्या काचेपाशी आईने विणलेली उशी दिसली. "चिमीने कुठेतरी घासलेली दिसतेय," असं म्हणत तो हसत पुढे आला. मग क्रेन वळली.

बॉनेट नव्हतंच. कुणीतरी कागदाचा बोळा करून फेकावा, तसा गाडीचा अख्खा पुढचा भाग झाला होता. मामाच्या हातातली हातोडी गळून पडली. "कुठे ठेवू?" असं क्रेनवाला विचारत राहिला.

आम्ही पोचलो तेव्हा तो टायरच्या ढिगावर बसला होता. चेहरा पांढराफटक. आई रिक्षातून उतरून त्याच्यासमोर उभी राहिली, तरी तो उठला नाही.

"काय रे दादा, भूत बघितल्यासारखा काय बघतोस?"

त्याने तिच्या प्लास्टरला हात लावला. मग खांद्याला. मग गालाला.

"तू कुठल्या गाडीत होतीस?"

"ह्याच. दुसरी आहे कुठे आपल्याकडे?"

"पुढे बसली होतीस?"

"मागे बसून गाडी कशी चालवणार?"

मामा उठला आणि गाडीपाशी गेला. त्याने ड्रायव्हरचं दार नुसतं बोटाने ओढलं. ते उघडलं. आत सीट जागच्या जागी, स्टिअरिंग जागच्या जागी, त्यातून फुटून आलेली एअरबॅगची पांढरी पिशवी खाली लोंबत होती. पाय ठेवतात तिथे त्याने खाली वाकून वीत लावून पाहिली. तिथली जागा तसूभर कमी झाली नव्हती.

"पुढचं सगळं गेलं," तो पुटपुटला. "आणि आतलं काहीच नाही."

मग तो माझ्याकडे वळला. मामाचा इतका हळू आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

"रंगाऱ्याच्या गाडीचं पुढचं काहीच गेलं नव्हतं गं. मग तो दणका गेला कुठे?"

त्याने लोंबणारी पिशवी बोटाने बाजूला सारली.

"त्याच्या स्टिअरिंगवरचं रक्त मीच पुसलं होतं," तो म्हणाला.

आईचं हसू मावळलं.

आईच्या त्या गाडीला मामाने हातोडी लावली नाही. "हिचं काम झालं," म्हणाला आणि भंगारात पाठवली. तो नव्या गाड्यांचा भक्त झाला असं मात्र समजू नका. पुढच्याच आठवड्यात एका नव्या गाडीच्या दिव्याची क्लिप त्याच्या हातात तुटली, तेव्हा एवढ्याशा क्लिपसाठी अख्खा दिवा बदलायला लावणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा त्याने उद्धार केला. पण जेवताना मध्येच थांबायचा. मामी विचारायची, तर "काही नाही" म्हणायचा.

एका रविवारी तो मला घेऊन रंगाऱ्याच्या बायकोकडे गेला. एकट्याने जायचा धीर होईना. ती शिवणकाम करते, शर्टाला बटणं लावत बसली होती. मामाने सगळं एका दमात सांगितलं: चिमीची गाडी चेपली म्हणून ती वाचली, रंगाऱ्याची चेपली नाही म्हणून सगळा दणका त्याला बसला. तिची सुई थांबली.

"भाऊजी, गाडी परत आणलीत तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, 'वहिनी, बघा, ओरखडासुद्धा ठेवला नाही.' मी बघत राहिले. वाटलं, गाडी एवढी धडधाकट, म्हणजे यांचीच काहीतरी चूक. प्यायले असतील."

"तो कधी प्यायला नाही हो, वहिनी!"

"मला माहीत होतं. तरी वाटलं. पोरालाही मी तेच सांगितलं. तो बापाचा फोटो लावत नाही घरात."

मामा खुर्चीत खचलाच. तिने शर्ट बाजूला ठेवला, मुलाला फोन लावला आणि तो मामापुढे धरला.

"मला नाही जमायचं. तुम्हीच सांगा."

मामाने फोन घेतला. पलीकडून दोनदा "हॅलो" आलं, मग मामा बोलायला लागला.