गौरीचं पुरण

डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये मी एका पुण्याच्या कुटुंबाकडे राहायला गेले, तेव्हा नागपुरात आईला म्हणे पहिल्यांदा शांत झोप लागली. एमएस करणाऱ्या पोरीला मराठी घर मिळालं, ताटात वरणभात मिळाला, आणखी काय हवं? काका ऑफिसला जाताना मला युनिव्हर्सिटीत सोडायचे. काकू घरूनच काम करायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या की आम्हाला मुलगी नव्हती, ती आयती मिळाली. ते ऐकून मी फुगून जायचे. परदेशात माणूस लाडाला फार हावरं होतं.

माझ्या आडनावावरून त्यांना काही उमगलं नव्हतं. मी काही लपवलं नव्हतं, कुणी विचारलंच नव्हतं.

गौरी जेवायच्या दिवशी काकूंची मीटिंग लांबली आणि पुरणाची जबाबदारी माझ्यावर आली. लेक्चरला दांडी मारून मी डाळ-गूळ आटवला, वेलची-जायफळ घातलं, कालथा उभा राहीपर्यंत ढवळत राहिले. काकू आल्या, वासानंच खूश झाल्या. नंतर गौरीच्या मुखवट्याला नथ घालता घालता त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे गौरी कशा गं? उभ्या की खड्यांच्या?"

जात विचारायची लाज वाटते तेव्हा लोक असंच काहीतरी विचारतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण काकूंच्या मनात तेव्हा तसं काही नसावं. त्यांनी मला आपल्यातलीच धरलं होतं.

"आमच्याकडे गौरी नसतात, काकू. आम्ही बौद्ध."

नथ हातातच राहिली. मग त्या हसल्या, इट्स ओके म्हणाल्या, आणि मला खाली बेसमेंटमधल्या माझ्या खोलीत जाऊन अभ्यास करायला सांगितलं. थोड्या वेळानं पाणी घ्यायला वर आले, तर त्या पातेलं कचऱ्याच्या पिशवीत खरवडत होत्या. शेगडीवर नवी डाळ शिजत होती. जरा करपलं होतं गं, असं त्या म्हणाल्या. पुरण करपलं नव्हतं. मला संताप आला आणि त्याहून जास्त रडू आलं, याचा अजून राग येतो.

दुसऱ्या दिवशी गाडीत काकांनी स्वतःच विषय काढला. "मी नाही हं बिलीव्ह करत असल्या गोष्टींत. पण तिचं वर्षातून एकदाच असतं यार, ॲडजस्ट कर." काकांना तेवढ्यानंच मोकळं वाटलं असावं, कारण त्यांनी लगेच रेडिओ लावला. मी बोलले असते तर भलतंच बोलले असते.

रविवारी आईचा फोन आला. मी स्वयंपाकघरात होते, काकूही होत्या. आईला त्यांचे आभार मानायचे होते, म्हणून मी स्पीकर लावला. आई म्हणाली की तुमच्यामुळे जिवाला घोर नाही, ताई. काकू गोड आवाजात म्हणाल्या, "अहो, ती आमची मुलगीच आहे."

तेवढं मला सहन झालं नाही. मी सांगून टाकलं, "आई, यांनी मी केलेलं पुरण कचऱ्यात टाकलं. आपण बौद्ध आहोत म्हटल्यावर."

काकूंनी मान खाली घातली. माझी आई शाळेत शिक्षिका होती, भर बैठकीत मुख्याध्यापकांना सुनावणारी. ती आता यांना धुऊन काढणार, या खात्रीनं मी फोन काकूंच्या आणखी जवळ सरकवला.

आई माझ्याशी बोललीच नाही. हळू आवाजात म्हणाली, "ताई, पोरगी रागाच्या भरात बोलली, मनावर घेऊ नका. तिला घराबाहेर काढू नका. तिथं तिचं कुणी नाही."

तिला कुणापुढं असं गयावया करताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी फोन बंद केला आणि खाली जाऊन बॅग भरायला घेतली.