बुरुजाखालचं भुयार

आमचं गाव जर्मनीत, नेकार नदीच्या काठावर आहे आणि चाळीस मिनिटांत बघून संपतं. दगडी पूल, चौकातलं कारंजं, नगरपालिकेच्या भिंतीवर कोरलेल्या जुन्या पुरांच्या खुणा आणि नदीकाठचा बुरूज. आइस्क्रीम खाल्लं तर पन्नास. वाल्डॉर्फहून ऑफिसातले मित्र रविवारी सहकुटुंब यायचे, आमच्याकडे पोहे हाणायचे आणि मग पुलावर उभं राहून विचारायचे, "बास? एवढंच?" माझं डोकंच फिरायचं. अरे, मी राहतो ना इथे, जरा तरी मान ठेवा!

म्हणून एका रविवारी मी बुरुजाखाली भुयार खणलं. तोंडाने. आपल्याकडे किल्ला म्हटला की भुयार आलंच, आणि ते कुठल्यातरी दुसऱ्या किल्ल्यावर निघतंच. माझं भुयार नदीखालून पलीकडच्या डोंगरावरच्या गढीत निघालं. गावाला वेढा पडला तेव्हा त्यातून एक सरदारीण निसटली, सोबत दोन शेळ्या. शेळ्या का, विचारू नका. शेळ्या घातल्या की लोकांना पटतं. पाहुणे खूश झाले, बायकोने कपाळाला हात लावला. आमची आठ वर्षांची लेक डोळे विस्फारून ऐकत होती, तिकडे माझं लक्षच गेलं नाही.

मे महिन्यात तिच्या वर्गाची गावफेरी निघाली. प्रत्येक मुलाने एकेका ठिकाणाची माहिती सांगायची होती. पोरं सांभाळायला चार पालक हवे होते, त्यातला एक मी. लेकीने आपलं ठिकाण आठवडाभर गुपित ठेवलं होतं. बुरुजापाशी ती कागद घेऊन पुढे झाली. भुयार, सरदारीण, शेळ्या, सगळं तिने खणखणीत जर्मनमध्ये सांगितलं. शेळ्यांचं चित्रसुद्धा काढलं होतं.

बुरूज उघडून द्यायला एक म्हातारे गृहस्थ किल्ल्या घेऊन आले होते. ते हळूच म्हणाले, "इथे भुयार नाही, बाळा. नदी इतकी जवळ, ते आठवड्यात पाण्याने भरलं असतं. इथे नावाड्यांकडून जकात घ्यायचे."

पोरं फिस्कन हसली. लेक लालबुंद झाली, पण हटली नाही. "आहे! माझ्या बाबाला माहीत आहे."

अख्खा वर्ग माझ्याकडे वळला. 'आमच्या ऐकण्यात तसं आलं होतं,' असं म्हणून सुटायचंही मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण तिचा चेहरा बघवेना. शेवटी माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणालो, "भुयार मीच रचलं. तिची काही चूक नाही." आयुष्यात एवढी लाज वाटली नव्हती.

घरी येताना ती दहा पावलं पुढे चालत होती. पुलावर थांबली. म्हटलं, चला, आता आपली काही धडगत नाही. पण तिने एवढंच विचारलं, "मग आजोबा? ते पण तूच रचलेस?"

माझे बाबा ती जन्मायच्या आधीच गेले. तिला ते फक्त माझ्या तोंडून माहीत: एका बुक्कीत नारळ फोडणारे, गल्लीतल्या कुत्र्यांशी कानडीत बोलणारे आजोबा.

"नारळ कोयत्यानेच फोडायचे," मी म्हणालो. "एकदा बोट कापलं, तर केवढ्याने ओरडले."

"आणि कुत्रे?"

"ते खरं आहे. शपथ."

तिने मला नीट निरखून पाहिलं. "अजून सांग," म्हणाली. "पण खरं."

पूल संपेपर्यंत मी आठवत राहिलो. खरे बाबा मला फारच थोडे आठवत होते, आणि मी तिला तसंच सांगितलं.