बाभळीवरचं घरटं

ओल्या कडब्याचा कुबट वास आला की भूकंपानंतरचं आमचं नवं गाव आठवतं. ओढ्याकाठी प्लॉट आखणाऱ्या इंजिनिअरला माझ्या चुलतीनं बाभळीच्या शेंड्यात अडकलेला काडीकचरा दाखवला. "साहेब, पूर आला की पाणी तिथवर चढतंय." तो हसला, "बाई, पाखराचं घरटं आहे ते." एवढं शिकून हीच अक्कल. चुलतीनं भांडून माळावरची खडकाळ जागा घेतली. पुढच्याच पावसाळ्यात ओढ्यानं साहेबाचं पत्र्याचं ऑफिस नेलं आणि त्याचे नकाशे त्याच बाभळीला लटकले. माळावर आमचं घर कोरडं होतं. चुलती मला म्हणाली, "बघ जरा, अंडी घातली का पाखरानं." सातवीत शाळा सोडलेला मी आज परमुलखात खोली घेताना धास्तीनं आधी झाडांचे शेंडे बघतो, मनात चुलतीच्या पाया पडतो, शिकलेला मालक काय सांगतो ते नंतर ऐकतो.